क्रोमरहून आलेलं वाण

“विनीता, क्लॉझेटमधला तो निळा बॉक्स कुठाय? बुटांचा.”

सोमवारी सकाळी संजीवने हे विचारलं तेव्हा मी डिशवॉशरमधून आदल्या दिवशीचे कप काढत होते. रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. बत्तीस बायका येऊन गेल्या होत्या आणि घरभर अजून तिळाचा वास होता.

“रिसायकलमध्ये टाकला. रिकामा झाला होता.”

“रिकामा कसा?”

“अरे, त्यातली डुप्लिकेट कार्डं वाण म्हणून दिली ना. तूच हो म्हणालास.”

संजीव चिडत नाही, ही त्याच्याबरोबर संसार करण्यातली मोठी अडचण आहे. तो चिडला असता तर मलाही चिडता आलं असतं. ऑफिसला निघायचा कोट घातलेला तसाच डायनिंगच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “मार्जरीचं कार्ड त्यात होतं.”

माझ्या हातातला कप मी ओट्यावर ठेवला. कशाबद्दल बोलतोय ते मला नीट माहीत होतं.

गाडीचं दार लावल्यावर जो भरीव आवाज येतो तो आपोआप येत नाही. दाराच्या कडेने रबराची एक पट्टी असते आणि त्या पट्टीवर माझ्या नवऱ्याची एकोणतीस वर्षं गेली आहेत. इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये, गाड्यांच्या कंपन्यांतलीच माणसं जास्त. लोक पार्टीत इंजिनांबद्दल बोलतात, हल्ली बॅटऱ्यांबद्दल बोलतात. रबरी पट्टीबद्दल कुणी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नाही. घरी आला की तो जेवतो, भांडी लावतो आणि बेसमेंटमध्ये जाऊन इंग्लंडमधल्या गावांची जुनी पोस्टकार्डं बघत बसतो.

इंग्लंडला तो गेलेला नाही. विमान बदलताना हीथ्रोवर पाच तास काढलेत, तेवढंच. पण व्हिटबीच्या धक्क्याजवळ चर्चला जायला पायऱ्या कुठून आहेत, टॉर्कीला समुद्राकाठी बँड कुठे वाजायचा, हे विचारा, झोपेतून उठून सांगेल. बाराशे कार्डं आहेत त्याच्याकडे. दर रविवारी त्यातलं एक स्कॅन करून दोन्ही बाजू तो नेटवरच्या आपल्या पानावर टाकतो आणि मागचा मजकूर टाइप करतो. वाचक शंभर-दीडशे असतील, बहुतेक सगळे रिटायर्ड.

चित्रापेक्षा त्याला मागची बाजू आवडते. “काही विशेष लिहिलेलं नसतं गं,” तो म्हणतो. “पोचलो, हवा बरी आहे, मावशीचा गुडघा सुधारतोय. बस.” ह्यात आवडण्यासारखं काय आहे, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. तेव्हा त्याने सांगितलं, की शहाण्णव साली तो इथे आला तेव्हा फोन परवडायचे नाहीत, म्हणून अकोल्याला आईला दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड टाकायचा. आई गेल्यावर भावाने घर आवरलं आणि ती सगळी कार्डं रद्दीत गेली. एवढं एकदाच बोलला. त्यानंतर मी त्याची इतर बऱ्याच गोष्टींवरून चेष्टा केली, कार्डांवरून केली नाही.

नोव्हेंबरात त्याला एक मेल आली होती. क्रोमर नावाच्या गावाचं एक कार्ड त्याने पानावर टाकलं होतं. समुद्रात गेलेला लांब धक्का, छत्र्या घेतलेली माणसं. मागे १९४१ सालचा मजकूर, एका सैनिकाने डर्बीला आपल्या सात वर्षांच्या मुलीला लिहिलेला. इंग्लंडमधल्या एका डीलरकडून घेतलेल्या गठ्ठ्यात ते आलं होतं. मेल लिहिणारीने आजीचं माहेरचं नाव सहज सर्च करून पाहिलं, तर हे कार्ड समोर आलं. ती सात वर्षांची मुलगी म्हणजे तिची आजी, मार्जरी. ती आता एक्क्याण्णव वर्षांची होती, लग्न करून अमेरिकेत आलेली, आणि टोलेडोच्या एका वृद्धाश्रमात राहत होती. आमच्या घरापासून सव्वा तासावर. वडील पुढच्याच वर्षी आफ्रिकेतल्या लढाईत गेले. त्यांच्या हातचं एक अक्षरही तिच्याकडे नव्हतं.

संजीवने पोस्टाने पाठवायला नकार दिला. चोवीस जानेवारीच्या शनिवारी स्वतः नेऊन देतो, असं कळवलं. त्यासाठी नवे बूटही घेतले, त्याच्या दृष्टीने ही मोठीच उधळपट्टी होती.

आणि मी ते कार्ड वाटून टाकलं होतं.

झालं होतं असं, की वाणासाठी स्टीलच्या वाट्या माझी मैत्रीण सलोनी पुण्याहून आणणार होती आणि तिची फ्लाइट आयत्या वेळी कॅन्सल झाली. मी संजीवला विचारलं, तुझी ती डुप्लिकेट कार्डं देऊ का, पाच-पाचांचे गठ्ठे करून रिबन बांधते. तो ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता, टोपी कानावर. “घे की,” म्हणाला. नंतर मार्जरीचं कार्ड दुमडू नये म्हणून अल्बममधून काढून त्याने त्याच बॉक्समध्ये सपाट ठेवलं. कारण तो बॉक्स भक्कम होता. रिबन बांधताना मला एक कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात दिसलं होतं. ते पाकीट बरं दिसेना, म्हणून मी फेकून दिलं. हेही मी त्याला सांगून टाकलं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “लेबल लावायला हवं होतं.”

“मी शोधते.”

“मागशील कसं? वाण आहे ना ते.”

हेच तर होतं. दिलेलं वाण परत मागत नाहीत. मी फार सोवळ्यातली नाही, आमच्याकडे गणपती शनिवार-रविवार बघून जातात. पण एखाद्या बाईच्या कपाळाला कुंकू लावून, ओटीत वस्तू घालून, चार दिवसांनी तिच्या दारात जाऊन ती वस्तू मागायची, हे माझ्याच्याने होणारं नव्हतं.

म्हणून मी ग्रुपवर नुसतं लिहिलं, की तुम्हाला कुठली कुठली कार्डं मिळाली त्याचे फोटो टाका ना, संजीवला बघायचेत. दोन दिवस माझा फोन वाजत राहिला. हिमानीने ब्लॅकपूल फ्रिजवर लावलं होतं. कादंबरीने कार्डांचे कोस्टर केले होते, वर चहाचा गोल डाग. नीलांबरीच्या मुलीने एक कार्ड कात्रीने कापून बुकमार्क केला होता. तो फोटो मी मोठा करून पाहिला. ते टॉर्की निघालं. क्रोमर कुणाकडेच नव्हतं.

बुधवारी संजीवने माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला. “इंग्लिश बघ जरा. फार ड्राय वाटतंय का?” मार्जरीला लिहिलेलं माफीचं पत्र होतं. त्यात वाण, बॉक्स, मी, कुणाचाच उल्लेख नव्हता. कार्ड माझ्या निष्काळजीपणामुळे हरवलं, एवढंच लिहिलं होतं. मला रडू आलं. मी म्हटलं, उद्यापर्यंत सेंड करू नकोस.

कारण एकतीस फोटो आले होते. एक राहिला होता, शैलजाकाकूंचा.

शैलजाकाकू मुलाकडे राहतात. मिरजेला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. काका जाऊन नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून त्या कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नाहीत, बोलावलं तरी. रविवारी त्यांची सून त्यांना आग्रहाने घेऊन आली, तर सरळ आमच्या किचनमध्ये जाऊन कॉफी ढवळत उभ्या राहिल्या. मी करंडा घेऊन गेले तेव्हा मागे सरल्या. “मला नको गं. बाहेर बसलेल्या बायका काय म्हणतील?” मी म्हटलं, काकू, घर माझं आहे. कुंकू लावलं, शेवटचा गठ्ठा हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

बत्तीस जणींमध्ये जिच्याकडे मागणं सगळ्यात अवघड, तिच्याकडेच ते निघावं ना.

गुरुवारी दुपारी लंच ब्रेकमध्ये मी त्यांच्याकडे गेले. घरात त्या एकट्याच होत्या. बोलायला सुचेना म्हणून देवाला नमस्कार करते म्हटलं, आणि देव्हाऱ्यापाशी गेले तर समोरच अन्नपूर्णेशेजारी क्रोमरचा धक्का उभा. काकूंनी पाचही कार्डं देवापुढे ठेवली होती. सगळ्यात पुढे मार्जरीचं, आणि त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

“बस,” काकू म्हणाल्या. “चहा टाकते. आज ऑफिस नाही?”

“सहज आले, काकू.”

“सहज? ह्या थंडीत?” त्यांनी आधण ठेवलं. मग त्याच म्हणाल्या, “विनीता, ती कार्डं वाचलीस का गं तू? चार तर अशीच आहेत, हवापाण्याची. पण एक दाताचं आहे.”

“हो.”

“बाप लिहितो, समुद्र आहे पण सगळीकडे तारा लावल्यात, पाय बुडवता येत नाहीत. तुझ्या वतीने लांबूनच त्याला हात केला. आणि वरचा दात पडला का? पडला की जपून ठेव, मला बघायचाय.” त्यांनी हे असं सांगितलं, जणू शेजारच्या घरातली गोष्ट आहे. “चार दिवस तेच डोक्यात आहे. कुठे असेल गं ती मुलगी? असेल का?”

“टोलेडोला,” मी म्हटलं.

काकू वळून बघायला लागल्या. मग मी सगळं सांगितलं, बॉक्सपासून माफीच्या पत्रापर्यंत. मध्ये आधण उकळून आटलं, ते त्यांनी मला न थांबवता बंद केलं.

“म्हणजे परत मागायला आलीस.”

“नाही, काकू. मागता येत नाही. नुसती आले.”

“मागितलंस तरी देणार नाही.” त्या शांतपणे म्हणाल्या. “नऊ वर्षांनी मिळालंय मला.”

मी मान हलवली. त्यांचं बरोबर होतं, आणि आता घरी जाऊन संजीवला पत्र पाठव म्हणून सांगायचं, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. मी पर्स उचलली.

“रथसप्तमी कधी आहे गं?” काकूंनी विचारलं.

“येत्या रविवारी.”

“म्हणजे शनिवारी चालतंय. माझं वाण मी कुणाला द्यायचं ते माझं मी ठरवीन की नाही? मला गाडीत घेऊन जाल?”

मला इतकं हलकं वाटलं, की मी पर्स हातात तशीच ठेवून त्यांच्या खुर्चीवर बसकण मारली. काकूंनी नव्याने आधण ठेवलं आणि संजीवसाठी डब्यात तीळवड्या भरायला घेतल्या.

शनिवारी आम्ही तिघं टोलेडोला गेलो. हायवेच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता, रस्ता कोरडा होता. काकूंनी हिरवी इरकल नेसली होती, त्यावर सुनेचा जाड पार्का. कार्ड त्यांच्या मांडीवर, रुमालात. हळदीकुंकवाचं बोट बघून संजीव दचकेल असं मला वाटलं होतं. एरवी कार्डांवर तो पेन्सिलनेही खूण करत नाही. त्याने चष्मा वर करून ते पाहिलं आणि म्हणाला, “चालेल. हाही एक शिक्काच.”

मार्जरी खिडकीपाशी व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. केस सेट केलेले, ओठांना फिकट लिपस्टिक, नात शेजारी. संजीवने भाषण पाठ केलं होतं, ते तो पहिल्या वाक्यात विसरला. मग काकूच पुढे झाल्या आणि मिरजेच्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, की आमच्यात ह्या दिवसांत एक बाई दुसरीला काहीतरी भेट देते, आणि त्याआधी कपाळाला हे लावते, लावू का?

“नवरा असलेल्या बायकांना लावतात ना?” मार्जरींनी विचारलं. त्यांच्याकडे इंदूरची एक नर्स होती, तिने सांगितलेलं असावं. “माझा नवरा जाऊन वीस वर्षं झाली.”

“माझा नऊ,” काकू म्हणाल्या.

मार्जरींनी चष्मा काढला आणि कपाळ पुढे केलं. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं, तिळाची वडी हातावर ठेवली आणि मग रुमाल उलगडून कार्ड दिलं.

मार्जरींनी चित्र पाहिलंच नाही. थेट मागची बाजू वर केली, नातीकडून भिंग घेतलं आणि वाचत राहिल्या. एवढ्याशा मजकुराला पाच मिनिटं लागली असतील. मध्ये एकदा बोट नुसतं अक्षरांवरून फिरवलं. संजीव आपल्या नव्या बुटांकडे बघत होता.

“हे पोचलं तेव्हा पडला नव्हता,” मार्जरी म्हणाल्या. “दोन आठवड्यांनी पडला. काडेपेटीत ठेवला होता मी. किती वर्षं ठेवला होता.”

काकूंनी त्यांचा हात धरला. निघेपर्यंत सोडला नाही.

निघताना संजीव एकदम म्हणाला, “कोपऱ्याला ते पिवळं लागलंय, सॉरी. हलक्या हाताने काढता येईल. मी काढून देऊ शकतो.”

“राहू दे,” मार्जरी म्हणाल्या. “तेही कुणीतरी लावलंय.”

परतताना काकू मागच्या सीटवर झोपून गेल्या. मुलाच्या दारात उतरल्यावर म्हणाल्या, पुढच्या वर्षी हळदीकुंकू माझ्याकडे, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

घरी आल्यावर संजीव बेसमेंटमध्ये गेला. चहाला हाका मारल्या तरी येईना, म्हणून मी खाली गेले. टेबलावर अल्बम उघडा होता. क्रोमरच्या कार्डाचा कप्पा रिकामा, आणि त्या रिकाम्या कप्प्यात तो कार्डाच्या मापाची कापलेली एक कोरी चिठ्ठी सरकवत होता. त्यावर त्याच्या बारीक इंजिनियरी अक्षरात मराठीत लिहिलं होतं, क्रोमर, १९४१. पोचलं.

त्याने चिठ्ठी सरळ केली, अल्बम मिटला, दिवा बंद केला आणि माझ्या मागोमाग चहाला वर आला.