रुजलेली जाळी

जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनीचा भांडी घासणारा हात थांबला. एक पाऊल पूर्ण पडत होतं, दुसरं फरफटत. मधेच कठड्याचा आधार घेतल्याचा आवाज. ही चाल तिच्या चांगलीच ओळखीची होती. ओल्या हातानंच तिनं कडी काढली. दारात धाकटा दीर उभा होता. तिनं चौकट घट्ट धरली.

"काय झालं गं वहिनी?"

"काही नाही. तू असा का चढतोयस?"

"खेळताना जरा खेचलं गेलं. जांघेत."

"कुठल्या?"

"उजव्या."

तिच्या नवऱ्याची, ह्याच्या दादाचीही, उजवीच दुखायची. वहिनी आत गेली.

धाकट्याला सगळे 'भिंत' म्हणत. तो वीज कंपनीत मीटर दुरुस्त करायचा आणि कंपनीच्या फुटबॉल संघाचा गोल राखायचा. दादा त्याच संघाचा आघाडीचा खेळाडू. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून भिंतीला दादा-वहिनीनंच वाढवलं. स्वतःचं लग्न करायचं त्याचं राहूनच गेलं.

दादाच्या जांघेत बऱ्याच वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन करून जाळी बसवली होती. जखम भरली, दुखणं मात्र राहिलं. बसलं की टोचायचं, खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर बदलले. प्रत्येकानं दाबून पाहिलं आणि ऑपरेशन छान झालंय म्हणून सांगितलं. शेवटी एकानं मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. दादा उभ्यानं जेवायला लागला. मैदानाकडे जाणं त्यानं सोडून दिलं. मग एक दिवस रस्ता ओलांडताना भरधाव ट्रक आला. लोक ओरडले, "पळा, पळा!" आयुष्यभर बचावफळीला चकवून पळणाऱ्या माणसाला तेवढा अर्धा रस्ता पळता आलं नाही.

भिंतीनं महिनाभर दुखणं अंगावर काढलं. शेक झाला, मलम झालं, पट्टा झाला. गोलात झेप घेतली की आत काहीतरी उसवायचं. एका दुपारी तो खिडकीशी उभ्यानं जेवत होता. पाटावरून आपण केव्हा उठलो, हे त्याला आठवेना. त्यानं वळून पाहिलं, तर वहिनी हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत होती.

"उद्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. "मी येणार आहे."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "पोटाची खालची भिंत पातळ झालीय," त्या म्हणाल्या.

"संघातले म्हणतील, भिंतीचीच भिंत खचली," भिंत हसला. वहिनी हसली नाही.

"नुसते टाके घालून भागेल?" तिनं विचारलं.

"काही खेळाडूंचं भागतं. ह्यांचं कठीण वाटतं. झेपा घेऊन टाके पुन्हा सुटतील. विरघळणारी जाळीही असते, पण ती गेल्यावर जोर किती राहील, सांगवत नाही. मी हलकी, मोठ्या भोकांची घालीन." त्यांनी खणातून नमुना काढला. वहिनीनं हात पुढे केला.

पांढरा, पातळ तुकडा. तिनं तो चिमटीत चोळला, मुठीत चुरगळला, पुन्हा सरळ केला.

"एवढंच? मला वाटायचं, तारेची असेल."

"पूर्वीच्या जरा जाड असायच्या."

"दुखली तर काढता येते?"

"येते, पण सोपं नसतं. मांस तिच्या भोकांतून वाढतं. ती आत रुजते."

"रुजते," वहिनी पुटपुटली. मग मान वर करून म्हणाली, "आमच्या ह्यांच्या अंगात रुजलेली कोणी काढली नाही. दुखतंय, हेच कोणाला पटलं नाही. ते गेले, तेव्हा ती त्यांच्याबरोबरच गेली का हो?"

"हो."

"म्हणजे तिथंही टोचत असेल."

भिंतीनं आपले मोठाले पंजे मांडीवर उलटे करून ठेवले होते.

"बाई, हा उद्या दुखतंय म्हणून आला, तर कोण ऐकणार?"

"मी ऐकेन."

"आणि नाही पटलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "थोड्या लोकांना दुखतंच राहतं," त्या म्हणाल्या. "कोणाला, ते आधी कळत नाही. म्हणून पटवून घ्यायची जबाबदारी माझी."

वहिनीनं नमुना टेबलावर ठेवला. "करू या," ती दिराला म्हणाली. "पण काही लपवायचं नाही. रडू आलं तर रडायचं."

ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस तो खोकला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत यायची. तो कूस बदलतानाही ती श्वास रोखून बघायची. हळूहळू तो चालायला लागला, मग धावायला, आणि पावसाळा सरल्यावर संघानं त्याला पुन्हा गोलात उभं केलं.

त्या दिवशी वहिनी सामना बघायला आली. दादा गेल्यापासून तिनं मैदानात पाऊल ठेवलं नव्हतं. उत्तरार्धात चेंडू उजव्या कोपऱ्यात जमिनीलगत आला. भिंतीनं अंग झोकून दिलं, चेंडू पोटाशी घेतला आणि तसाच पडून राहिला. त्याला दुखण्याची वाट बघायची सवय झाली होती. दुखलं नाही. तो उठला.

सामना संपल्यावर तो हातमोजे काढत तिच्याजवळ आला.

"दुखलं?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ, वहिनी. अगदी काही नाही."

तिचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या खांद्याची माती झटकली, एकदा, दोनदा. मग तिचा हात तिथंच राहिला आणि नजर त्याच्या पलीकडे गेली. समोरच्या गोलाची जाळी कोणीतरी खांबांवरून सोडवून गुंडाळत होतं. दादानं कितीतरी गोल त्याच बाजूला मारले होते.

"निघू या?" त्यानं विचारलं.

"थांब जरा," वहिनी म्हणाली.

बूट हातात घेऊन तो तिच्याशेजारी उभा राहिला.