कोनाड्यातला कप

सुनेत्राच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. ओटा तीनदा पुसून झाला. चहाचं आधण ठेवलं, बंद केलं, पुन्हा ठेवलं. सोमवारी इरावतीचं शाळेत भाषण, आणि त्याची तालीम ऐकायला वरच्या मजल्यावरच्या मार्टिनाबाई येणार होत्या. २०२० चा जून होता. नेदरलँड्सच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमधली माणसं नुकती पुन्हा एकमेकांकडे जाऊ लागली होती.

मार्टिनाबाई कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव या डच बेटावरच्या, काळ्या, निवृत्त परिचारिका. मार्चमध्ये सुनेत्राचं अख्खं घर तापाने फणफणलं, तेव्हा बारा दिवस त्यांनी दाराशी सूप ठेवलं आणि उष्टी भांडी स्वतः नेऊन धुतली. इमारतीतल्या म्हाताऱ्यांची औषधं कोणी आणायची, याच्या पाळ्याही त्यांनीच लावल्या. सुनेत्रा त्यांना देवमाणूस म्हणायची. त्या देवमाणसाला चहा मात्र कागदी कपात द्यायची.

"कोरोना आहे ना," हे तिचं उत्तर तयार असे. विचारलं कुणीच नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं!

मार्टिनाबाई येऊन बसल्या आणि अकरा वर्षांची इरावती खुर्चीमागे उभी राहिली. भाषण डचमध्ये, पण फेब्रुवारीत आलेली आजी, वसुधाबाई, विमानं बंद झाल्याने इथेच अडकली होती. तिच्यासाठी इरावती मध्येच मराठीत सांगे.

"आजी, टुला स्लेव्ह होता, मार्टिनाआजीच्या बेटावर. सतराशे पंच्याण्णवमध्ये तो डच मालकाला म्हणाला, आजपासून आम्ही तुमचे स्लेव्ह नाही. मग खूप लोक त्याच्याबरोबर आले. प्रीस्ट समजवायला आला, तर टुला म्हणाला, कोणाला त्रास नाही द्यायचा, फक्त फ्रीडम पाहिजे. त्याला मारून टाकलं त्यांनी. पण..."

तेवढ्यात सुनेत्राने ट्रे आणून ठेवला. तीन निळे कप, एक कागदी.

"आई, मार्टिनाआजीला पेपर कप का?"

"कोरोना आहे ना, बाळा."

"पण काल खालचा यान आला होता. त्याला तू निळा दिलास."

यान गोरा डच होता. मार्टिनाबाईंना मराठी येत नव्हती, पण ट्रे दिसत होता. त्यांनी कागदी कपाकडे हात नेला, नेहमीसारखा. ते नेहमीसारखं असणंच सुनेत्राला झोंबलं.

वसुधाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या पडवीच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा गं. शेतावरच्या गड्यासाठी. चहा वरून ओतायचा, कप त्याचा त्याने धुऊन उपडा घालायचा. आम्हीही रोगराईचंच निमित्त सांगायचो. आणि बाळंतपणात रात्रभर माझ्या उशाशी कोण बसलं होतं? त्याचीच बायको. तो कप इथवर कसा आला, सुनेत्रा?"

सुनेत्राने ट्रे उचलला. पळून स्वयंपाकघरात जावं असं तिला फार वाटलं. पण तिने निळा कप मार्टिनाबाईंपुढे ठेवला आणि कागदी स्वतःकडे ओढला. एवढ्याने भागत नव्हतं. मुलगी टक लावून बघत होती.

"मार्टिनाबाई," ती इंग्रजीत म्हणाली, "ते कोरोनामुळे नव्हतं."

"मला माहीत होतं," मार्टिनाबाई म्हणाल्या. "तू कधी सांगशील, याची वाट बघत होते." मग इरावतीकडे वळून, "हं, टुलाला मारलं. पुढे सांग."

इरावती पुढे सांगू लागली. सुनेत्रा मान खाली घालून ऐकत राहिली. तो कानतुटका कप आपल्या घरी कुठल्या फळीवर आहे, हे वाचणाऱ्याने आज एकदा उठून बघावं.