कासिमभाईंचा कान आणि मी

बोटाच्या पेरावर मावेन एवढासा मी, पण एकच गोष्ट मिनिटाला पंधरा हजार वेळा पाहतो आणि एकदाही कंटाळत नाही. कोण म्हणून विचाराल, तर छोट्या हेलिकॉप्टरच्या इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर. छोटं म्हटल्यावर लगेच खेळणं समजून हसू नका. आमचं हेलिकॉप्टर दोन हात लांब आहे, त्याला खरंखुरं इंजिन आहे, ते खरंखुरं इंधन पितं, आणि त्याचं पातं कुणाच्या मानेला लागलं तर खेळ तिथेच संपतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. समोरून लोहचुंबक गेला की ओळखायचं, एवढीच माझी विद्या. इंजिनाला गार ठेवणाऱ्या पंख्यात खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा चुंबक बसवतात आणि मला त्याच्यासमोर. चुंबक गेला की एक, पुन्हा गेला की दोन. कारखान्यातल्या एका बाईंनी मला पहिल्यांदा फिरत्या चकतीसमोर धरलं, तेव्हा माझी बोबडीच वळली. जगात इतक्या वेगाने काही फिरू शकतं आणि तरी जागचं हलत नाही, हे मला अजूनही नवलाचंच वाटतं.

पुण्याला आलो तो एका रिसीव्हरच्या शेजारी, एकाच खोक्यातून. रिसीव्हर तसा शिष्ट. पण त्याची करामत कबूल केली पाहिजे. खाली माणूस रिमोटवर अंगठा हलवतो, मध्ये ना तार ना दोरी, आणि वरती याला सगळं समजतं. मी मोजलेला आकडाही तोच हवेतून खाली धाडतो आणि रिमोटच्या पडद्यावर उमटवतो. मला वाटायचं, यापुढे आश्चर्य ते काय उरलं?

मग मला कासिमभाई भेटले.

बिबवेवाडीत त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. वय अडुसष्ट. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावून ते डोळे मिटत आणि आत काय बिघडलंय ते सांगत. इंजिन न उघडता. हडपसरहून लोक गाडी ढकलत आणायचे ते या कानासाठी. रविवारी हाच कान घेऊन ते हेलिकॉप्टर उडवायचे आणि इंजिनाचा वेग आवाजावरून लावायचे.

मला मागवलं त्यांच्या मुलीने, सुहानाने. ती हडपसरला एका कंपनीत काम करते. खोकं उघडताच कासिमभाईंनी मला चिमटीत धरून उजेडाकडे केलं.

"हा काय करणार?"

"फेरे मोजणार, अब्बा. ॲक्युरेट रीडिंग देतो."

"चाळीस वर्षं कोण मोजत होतं?"

"तुम्हीच. पण बसवून तर बघा. शिवाय रिसीव्हर चांगलाय."

"रिसीव्हर ठेव. ह्या कारकुनाला परत पाठव."

मी कारकून! वाईट वाटलं, पण खोटं कसं म्हणू? शेवटी मुलीच्या हट्टापुढे त्यांनी मला बसवलं, ते मात्र आपल्या पद्धतीने. माहितीपुस्तिका त्यांनी सरळ चहाच्या कपाखाली ठेवली. "कागद वाचून इंजिन कळत असतं तर टपालखात्यातले सगळे मेकॅनिक झाले असते," म्हणाले. परिणामी चुंबक पंख्यात उलटा बसला. चुंबकाला दोन तोंडं असतात आणि मला त्यातलं एकच दिसतं. तो पाठ करून हजारदा समोरून गेला आणि मी ढिम्म. पडद्यावर शून्य.

"मुका निघाला," कासिमभाई खुशीत म्हणाले.

सुहानाने कपाखालची पुस्तिका काढली, वाचली, आणि चुंबक सुलटा केला.

त्या रविवारी मी पहिल्यांदा उडालो. हडपसरच्या पुढे गेनबांचं पडीक रान आहे. चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण गेनबांनी ते अजून बिल्डरला दिलेलं नाही. बाभळीखाली बसून ते दर रविवारी आमचं उडणं बघतात. इंजिन सुरू झालं, पाती फिरून एक गोल झाली, आणि पायाखालची जमीन सुटली. काय सांगू तुम्हाला! मी मोजत होतो आणि मोजता मोजता थरारत होतो. माझ्या एकेका आकड्याचं वर जाण्यात रूपांतर होत होतं.

पण आकडा फार मोठा होता. इंजिन पंधरा हजारांवर फिरायला हवं, पाती तेवढ्यासाठीच घडवलेली. मी साडेअठरा मोजत होतो.

"अब्बा, साडेअठरा हजार दाखवतंय!" सुहाना ओरडली.

"खोटं बोलतंय ते. मला ऐकू येतंय ना, बरोबर पंधराचा आवाज आहे."

"कासमभाई," गेनबा बाभळीखालून म्हणाले, "पोरगी बराबर बोलतीय. मागल्या साली हे भुंग्यावानी घुमायचं. आता लई किंचाळतंय."

"गेनबा, तुमचा कान विहिरीच्या इंजिनावर तयार झालेला. तुम्ही तंबाखू मळा."

गेनबा हसले आणि खरंच तंबाखू मळू लागले. सुहाना मात्र हसली नाही. मला तिचा चेहरा दिसत नाही, पण बाबांच्या हातातल्या रिमोटच्या पडद्यावर, त्या आकड्यावर, ती पुन्हा पुन्हा बोट ठेवत होती, असं रिसीव्हरने नंतर सांगितलं. ती काय जाणून होती, ते मला दुकानात परतल्यावर कळलं.

"अब्बा, अम्मी तुम्हाला जेवायला चार हाका मारते," ती म्हणाली. "कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही. दारावरची बेल ऐकू येत नाही. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. मी सहा महिने बघतेय."

कासिमभाईंनी फडक्याने हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

"म्हणजे हा खरा आणि मी खोटा?"

"मी तसं नाही म्हणत."

"तसंच म्हणतेस. ठीक आहे. पारखून बघू."

मला वाटलं, आता हातोडीच येणार. पण त्यांनी हेलिकॉप्टरची पाती उतरवली, ते टेबलाला घट्ट आवळलं आणि माझ्या समोरच्या पंख्यावर खडूने एक जाडशी पांढरी रेघ ओढली. मग शटर अर्ध्यावर घेतलं आणि वरची जुनी, चोकवाली ट्यूबलाइट लावली.

"माझे उस्ताद असंच करायचे," ते सुहानाला म्हणाले. "ही ट्यूब जळते ती सलग नाही. सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करते, आपल्याला दिसत नाही इतकंच. पंखा सेकंदाला बरोबर शंभर वेळा फिरला, की प्रत्येक उघडझापेला रेघ त्याच जागी सापडते. मग ती थांबल्यासारखी दिसते. मिनिटाचे झाले सहा हजार. ट्यूब कुणाची बाजू घेत नाही. बघू तुझा कारकून काय म्हणतो."

इंजिन सुरू झालं. धूर झाला. ते केसाकेसाने वेग वाढवत गेले. आधी रेघ नुसती पांढऱ्या वर्तुळासारखी होती. मग ती तुटू लागली, मागे मागे सरकू लागली, सावकाश, आणखी सावकाश.

आणि थांबली.

मी तेव्हा सेकंदाला शंभर वेळा ओरडत होतो, गेला, गेला, गेला! आणि माझ्यासमोर, भणभणत्या पंख्यावर, खडूची रेघ भिंतीवरच्या रेघेसारखी स्वस्थ उभी होती. जन्मभर ज्याला फक्त पळताना पाहिलं, ते असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. एक खडू आणि एक म्हातारी ट्यूबलाइट यांच्या जोरावर या माणसाने वेगालाच थांबवून दाखवलं होतं. माझ्यासारखे हजार सेन्सर एकत्र आले असते तरी हे सुचलं नसतं.

"किती?" कासिमभाईंनी विचारलं. पडद्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सहा हजार," सुहाना हळूच म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. तिने मोठ्याने सांगितलं. तरी आणखी खात्री हवी म्हणून त्यांनी वेग दुप्पट केला. रेघ पुन्हा थांबली. पडद्यावर बारा हजार.

त्यांनी इंजिन बंद केलं. त्या क्षणी मला माझ्या खरेपणाचा जरासुद्धा आनंद झाला नाही. आपल्या कानाविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने, उस्तादांच्याच युक्तीने गोळा केला होता. कुणी सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. म्हणून स्वतःच सिद्ध केलं आणि मान खाली घातली.

मग उतरवलेलं एक पातं त्यांनी उचललं, ट्यूबखाली धरून बुडाशी अंगठा फिरवला. अंगठा थांबला. बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी चीर गेली होती. कित्येक रविवार साडेअठरा हजारांवर ताणलेलं ते पातं आणखी एखादा रविवार टिकलं असतं, फार तर.

"गेनबा कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

"बाभळीखाली."

"आणि तू?"

"तुमच्या शेजारी, अब्बा."

कासिमभाईंनी ते पातं भंगारात टाकलं. मग एवढंच म्हणाले, "कानाच्या डॉक्टरची वेळ घे."

पुढचे दोन महिने हेलिकॉप्टर फळीवर होतं. नवी पाती आली. कासिमभाईंच्या कानामागे माझ्याएवढंच एक यंत्र आलं. सुरुवातीला त्यांनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. रिक्षांचे हॉर्न ऐकायला का पैसे दिले, असं विचारत होते. मग एक दिवस दुकानात काम करता करता थबकले आणि म्हणाले, "ही पाल आहे का? पाल बोलते आहे?" आणि हातातलं काम टाकून तिची चुकचुक ऐकत उभे राहिले.

पुढे एका रविवारी आम्ही पुन्हा गेनबांच्या रानात गेलो. मी मोजायचं आणि रिसीव्हरने त्यावरून वेग आपोआप पंधरा हजारांवर धरायचा, अशी नवी व्यवस्था सुहानाने लावून दिली होती; कासिमभाईंनी आमचं ते काम बंद ठेवलं. पडदा रुमालाने झाकायला सांगितला. "मी सांगेन तेव्हा रुमाल काढ," म्हणाले. इंजिन सुरू केलं, डोळे मिटले आणि वेग चढवत नेला. मी मोजत होतो. तेरा हजार. चौदा. साडेचौदा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझा आवाज तर रुमालाखाली.

"आता," ते म्हणाले.

सुहानाने रुमाल काढला. पंधरा हजार वीस.

मिनिटाला वीस फेऱ्यांची चूक! माझ्या पोटात चुंबक ओळखणारा नाजूक कण आहे, सोबतीला रिसीव्हर आहे, पडदा आहे. त्यांच्यापाशी फक्त चाळीस वर्षं होती, आणि ती कुठेही गेली नव्हती. कानाचं दार बंद झालं होतं, घर शाबूत होतं. सुहानाने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी तो पाहिला, आणि त्या म्हाताऱ्या गालांवरून पाणी ओघळलं.

मी मनात म्हटलं, संपलं. आता मला कोण ठेवतं? पण त्यांनी स्वतःच्या हाताने माझं काम पुन्हा चालू केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आज जुळलं. माझं ऐकणं ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मला कळणार नाही. त्याला कळेल."

आता माझी तार तेलाने काळी पडली आहे, कडा झिजल्या आहेत. एक मागणं आहे. आम्हा मोजणाऱ्यांना डोळे मिटून मानू नका, आमचा रागही करू नका. पारखा, आणि मग खरं निघेल ते ऐकून घ्या, मग ते आमच्या बाजूचं असो की तुमच्या. हे जमवलेला एक माणूस मला मिळाला, माझं नशीब थोर. असो, कासिमभाईंनी इंजिन सुरू केलं आहे, बाभळीखाली गेनबा बसलेत आणि शेजारी सुहाना उभी आहे. आता मला बोलता यायचं नाही. या दोघांसाठी मोजायचं आहे.