डावीकडची सीट

सुचितानं क्लच दाबला आणि तिचा उजवा हात स्टिअरिंग सोडून गिअरकडे गेला. टेम्पो डावीकडे वळला. शेजारी बसलेल्या आरटीओच्या इन्स्पेक्टरनं घाईनं स्टिअरिंग धरलं.

"बाई, काय करताय? डावा हात घरी ठेवून आलात काय?"

"चुकलं साहेब. परत करते."

तिनं डावा हात लावला. दुसरा गिअर खर्रकन वाजला, टेम्पोनं गचका खाल्ला आणि बंद पडला. परीक्षेच्या मैदानाच्या कडेला उभी असलेली मुलं हसली.

"कुणी शिकवलं?"

"घरच्यांनी."

"डावीकडं बसून शिकवलं वाटतं!" इन्स्पेक्टर गमतीनं म्हणाला.

सुचिता हसली नाही. तिनं खरंच डावीकडे बसून गिअर टाकले होते. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, कुंदनला, अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात मांडीवर पडून राहिला. पाय चालत होते. मग तो स्टिअरिंग धरी, क्लच दाबी आणि म्हणे, "दोन." ती उजव्या हातानं दुसरा टाकी. बर्फाच्या लाद्या रोज पहाटे अशाच उरणच्या बंदरावर पोचत होत्या. दोघांचं इतकं जमलं होतं की चढावरही लादी सरकत नसे.

गेल्या आठवड्यात मात्र त्याचा पायही क्लचवर उशिरा पडला आणि भरलेला टेम्पो चढावर बंद पडून मागे गेला. मागे शाळेची रिक्षा होती. हातभर अंतरावर टेम्पो थांबला. तरी कुंदन म्हणत होता, "तू नापास झालीस तं मी हाय ना."

आज नापास झाले, तर उद्या पहाटे हा परत स्टिअरिंगवर बसणार, हे तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगितलं, तर त्याचं लायसन जाणार. 

"बाई, पुढच्या महिन्यात या," इन्स्पेक्टर कागद आवरत म्हणाला.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला थांबलेला कुंदन पाय ओढत टेम्पोजवळ आला.

"साहेब, तिची चूक नाय. माजा डावा हात गेलाय. चवदा महिने गिअर हीच टाकते, त्या बाजूनं बसून."

इन्स्पेक्टरनं त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. "आणि तुम्ही रस्त्यावर गाडी चालवत होता? माणूस मेला असता म्हणजे?"

"व्हय." कुंदननं खिशातून लायसन काढून खिडकीतून पुढं केलं. "म्हनूनच देतंय. सव्वीस वर्सांचं हाय."

इन्स्पेक्टरनं ते घेतलं. उलटून पाहिलं आणि कागदांत ठेवलं. मग म्हणाला, "बाई, एक फेरी अजून. ही शेवटची."

कुंदन खिडकीशी वाकला. "घाबरू नको गो. इतके दिस माज्या पायाची वाट बघायचीस. आता सोताच्या पायाची बघ. तो पुरता खाली गेला का मंगच हात हलव."

पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा कधी पडला ते इन्स्पेक्टरलाही कळलं नाही. त्यानं कागदावर सही केली.

परत निघताना कुंदननं सवयीनं उजवीकडचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. खाली उतरून, टेम्पोला पुढून वळसा घालून तो डावीकडे जाऊन बसला. दार आता त्याच्या मेलेल्या हाताच्या बाजूला होतं. उजवा हात अंगावरून आडवा नेऊन त्यानं ते ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं.

सुचिता समोर बघत बसून राहिली. तिसऱ्यांदा दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं चावी फिरवली.