उरलेला स्क्रू

सकाळी साडेदहा वाजता शिवणयंत्र बंद पडलं. सुईखाली राजाचा अंगरखा होता. एक बाही लागली होती, दुसरी राहिली होती. शनिवारी शाळेचं नाटक होतं आणि पोशाखांचं काम शिवणाऱ्या बाईंनी अंगावर घेतलं होतं.

यंत्र हमीच्या मुदतीत होतं. बाईंनी पायात चप्पल सरकवली, तेवढ्यात नवऱ्याने पेचकस काढला.

"अहो, राहू द्या. कंपनीवाले दुरुस्त करून देतील. हक्क आहे आपला."

"त्यांच्या दारात कशाला जायचं? दहा मिनिटांचं काम!"

ते काम दिवेलागणीपर्यंत चाललं. यंत्र पुन्हा जोडलं गेलं आणि पहिल्यासारखंच बंद राहिलं. एक स्क्रू उरला. तो नवऱ्याने गुपचूप शर्टाच्या खिशात टाकला. शर्ट धुण्याआधी घरात खिसे कोण तपासतं, हे तो विसरला.

दुसऱ्या दिवशी दोघं सेवा केंद्रात गेली. काउंटरवरच्या माणसाने नवऱ्याकडे पाहिलं. "काय झालंय, साहेब?"

"हिला विचारा. यंत्र हिचं, मी हमाल."

"मोटर फिरते, सुई हलत नाही," बाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि पुन्हा नवऱ्यालाच विचारलं, "साहेब, कुणी उघडलं होतं का?"

नवरा छताकडे पाहू लागला. बाईंनी पर्समधून स्क्रू काढून काउंटरवर ठेवला. "ह्यांनी. पण बंद पडल्यावर."

"मग हमी गेली, ताई."

"उघडल्यामुळेच बिघडलं, हे तुम्ही दाखवायचं. कायदा तसाच आहे. तपासा, नाहीतर नकार लेखी द्या."

तो आत विचारायला गेला.

"स्क्रू कशाला दाखवलास? मी सरळ नाही म्हणालो असतो," नवरा पुटपुटला.

"खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. आत्ताही झालेत."

यंत्र तपासणीसाठी ठेवून घेतलं गेलं. बाईंनी स्वतःचा नंबर दिला. घरी त्या दुसरी बाही हाताने टाचायला बसल्या. सुईत दोरा ओवून द्यायचं काम नवऱ्याने मागून घेतलं. चौथ्या खेपेला दोरा गेला.

शुक्रवारी दुपारी फोन आला, तो नवऱ्याच्या नंबरवर. जुन्या पावतीवर तोच होता.

"साहेब, यंत्राचं असं आहे..."

"थांबा. मालकीणबाईंना देतो."

बाई ऐकताहेत. मधूनच "हं" म्हणताहेत. नवरा पेचकस घेऊन समोर उभा आहे. त्या हात पुढे करतात, तो पेचकस त्यांच्या हातात देतो. दुसऱ्या बाहीला अजून कच्चाच टाका आहे.