न ऐकलेलं सुतक

मी तापट बाई हाय, हे आधीच सांगते, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको. शकूला मी लहानपणी मारलंय, कधीकधी हकनाकसुद्धा मारलंय. पण त्या वैशाखात जे झालं त्यात मी तिला बोट लावलं नव्हतं, आणि तरी तेच माझ्या मनातनं जात नाय. कितीदा उलगडून बघितलं, कुठं चुकलं ते अजून सापडत नाय मला.

सन चव्वेचाळीस. लढाई चालू होती. आमच्या दहिवलीच्या घरी माझ्या नणंदेचं, हिरूचं, लगीन निघालं होतं. हिरू एकवीस वर्षांची झाली होती. त्या काळी एकवीस म्हंजे लोक तोंडावर विचारायचे, पोरीत खोट हाय का काय. एक सोयरीक आधी मोडली होती. आता खालापूरकडचा वाल्मिक नावाचा मुलगा मिळाला होता, मिलिटरीतला. त्याची रजा शनिवारी संपायची आणि मग तो बोटीवर चढून कुठल्या मुलखात जाणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. लगीन व्हायचं तर बुधवारी, गोरज मुहूर्तावर. नायतर नायच. हिरू मला एकदा म्हणाली होती, "वहिनी, हे मोडलं तर मी पुन्हा कुणापुढं पोहे घेऊन जाणार नाय." तिचा तो आवाज मला चांगला कळला होता.

लग्नाच्या आठवडाभर आधी गुळाचं प्रकरण झालं. रेशनचे दिवस, साखर दिसत नव्हती. लग्नासाठी गुळाची एक ढेप मी माळ्यावर जपून ठेवलेली. शकूनं, माझ्या सहा वर्षांच्या पोरीनं, ती एका बाजूनं खरवडून खाल्ली. विचारलं तर म्हणते, मांजरानं खाल्ला.

"अगं भवाने, मांजर गूळ खातं होय? तोंड पूस आधी!"

त्या दिवशी मी तिला मारलं नाय. देव्हाऱ्यापुढं कान धरून उभी केली. आमच्या घरात तो नेमच केला मी: खोटं बोललं की देवापुढं कान धरायचे, मी 'पुरे' म्हणेपर्यंत. उभ्या उभ्या तिनं मला विचारलं, "आई, खरं म्हंजे काय गं?"

"जे झालं ते झालं म्हणायचं. नाय झालं ते नाय म्हणायचं. आणि कुणी विचारलं तर लपवायचं नाय. एवढं सोपं हाय बघ," मी म्हटलं. मला माझाच अभिमान वाटला. शाळेत न जाता कसं नीट सांगितलं, असं वाटलं.

मंगळवारी हळद होती. दुपारी पुरुष माणसं मांडवाला आंब्याचे टहाळे आणायला गेलेली, बायका मागच्या दारी दळणाला बसलेल्या. मी पुढं आले तर अंगणात सदू उभा. सदू म्हंजे लोधिवलीचा, आमच्या आबाजींच्या शेजारचा. आबाजी माझ्या मालकांचे सख्खे चुलते. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा मालकांना आणि हिरूला त्यांनीच वाढवलेलं. हिरूचं कन्यादान तेच करणार होते. गेले दहा दिवस ताप होता त्यांना, पण निरोप होता की बुधवारी गाडीत घालून का होईना, येतो.

सदू पायरीपाशी आला नाय. मांडवाच्या बाहेर, उन्हात उभा राहिला. मी तांब्या घेऊन गेले तर त्यानं हात मागं घेतला. एवढं चालून आलेला माणूस, ओठ सुकलेले, आणि पाणी घेईना. आमच्याकडं पाणी न घेता, न बसता, बाहेरच उभा राहणारा माणूस काय निरोप घेऊन येतो हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं.

त्यानं तोंड उघडलं. मी ओरडले, "सदू, बोलू नको! माझ्या गळ्याची शपथ हाय, एक शब्द काढू नको."

तो गांगरला. "बाई, पण मला तर..."

"परवा ये. परवा येऊन सांग. आज मला काय ऐकायचं नाय."

आमच्यात सुतक लागतं ते बातमी कानावर आली की. माणूस गेला तेव्हापासून नव्हे, ऐकलं तेव्हापासून. ऐकलंच नाय तर सुतक नाय, आणि सुतक नाय तर लगीन होतं. असं काय मी शोधून काढलेलं नाय, सगळी दुनिया असंच करते. ऐकलं असतं तर दहा दिवस हळद नाय, देव नाय, मांडव नाय. आणि शनिवारी वाल्मिक बोटीवर.

सदूनं मान खाली घातली. "तुमी नव्हता तवा पोरीला सांगून बसलो, बाई," असं म्हणाला आणि आल्या वाटेनं निघून गेला. बघते तर शकू मांडवाच्या खांबाला धरून उभी.

"आई, तो म्हणाला आबाजी आजा..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला उचलून थेट गोठ्यात नेलं. सहा वर्षांच्या पोरीचा कान आमच्याकडं मोजत नाय, तिनं ऐकलं तरी घराला सुतक लागत नाय. म्हंजे त्या घडीला सगळ्या घरात ती बातमी ठाऊक असायला हरकत नसलेलं माणूस तेवढं एकच. मी तिला समजवायला बसले. काय समजवलं ते माझं मलाच आठवून हसू येतं आणि रडूही येतं.

"शकू, सदूनं सांगितलं ते कुणाला सांगायचं नाय."

"खोटं बोलायचं?"

"नाय गं! खोटं नाय. फक्त बोलायचं नाय."

"कुणी विचारलं तर लपवायचं नाय, असं तूच म्हणालीस."

"कोण विचारतंय तुला?"

"तू विचार ना. मी तुला सांगते."

"मला नाय ऐकायचं."

ती माझ्याकडं टकामका बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मग आजा मेला नाय ना?"

आता काय सांगू? 'मेला' म्हटलं तर मी ऐकलं असं झालं. 'नाय' म्हटलं तर मी खोटं बोलले असं झालं. मी म्हटलं, "मला ठाऊक नाय."

"मला ठाऊक हाय."

"तुला पण ठाऊक नाय!" मी खेकसले. "कळलं? परवापर्यंत तुला पण ठाऊक नाय."

"आणि परवा?"

"परवा ठाऊक होईल."

वैरणीची काडी दाताखाली चावत बसली. "म्हंजे आजा परवा मरणार," ती म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात बायकांनी हळदीला हाक मारली आणि मी उठले. त्या दिवशी हिरूला हळद लावताना मी एकाच गालावर पुन्हा पुन्हा हात फिरवत होते, आणि बायका म्हणत होत्या, बघा वहिनीला नणंदेची केवढी माया.

बुधवारी वऱ्हाड आलं. आबाजी आले नाय, तेव्हा मालक म्हणाले, ताप उतरला नसेल, कन्यादानाला आपण दोघं बसू. लोधिवलीला माणूस धाडू या, असं काय म्हणाले नाय. मी पण नाय. पण हिरू अडून बसली. मुंडावळ्या बांधलेल्या, वाजंत्री थांबलेली, भटजी उन्हाकडं बघतायत, आणि ही म्हणते, "काका आल्याबिगर मी बोहल्यावर चढणार नाय."

नवऱ्याकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. एकजण मोठ्यानं म्हणालाच, "चुलता का नाय आला? काय झालंय का घरात?" त्यांना शंका आली असती तर वऱ्हाड तसंच माघारी फिरलं असतं.

आणि हिरूनं काय करावं? सगळ्यांसमोर शकूला जवळ बोलावलं. "शकू, काल लोधिवलीचा माणूस अंगणात आला होता ना? तू होतीस तिथं. काय म्हणाला गं तो? काका येतोय ना?"

शकूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाय, डोळासुद्धा हलवला नाय, देवाशप्पथ. मला वाटलं, आता संपलं. ही खरं बोलणार. मीच शिकवलंय.

"आजा येतोय," शकू म्हणाली. अगदी खणखणीत. "गाडीचा एक बैल लंगडतोय म्हणून उशीर. आजानं सांगितलंय, माझ्यासाठी मुहूर्त चुकवू नका."

बैल कुठनं आणला कार्टीनं कोण जाणे. मांडवभर 'हां, हां, बरोबर' असं झालं, भटजींनी अंतरपाट धरायला सांगितलं, हिरू खाली मान घालून बोहल्यावर चढली. एकानंसुद्धा पोरीला पुढं काय विचारलं नाय. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं हायसंच.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. शकू दिसेना. शोधलं तर रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली. म्हटलं, जेवायचं नाय का? तर म्हणते, "आजाची वाट बघते. गाडी यायची हाय ना." तिला आपणच बोललेलं खरं वाटायला लागलं होतं, का मला दाखवत होती, का आणखी काय, मला कळेना. मी तिला तशीच कडेवर घेऊन आले.

गुरुवारी सदू पुन्हा आला. ह्या वेळी मी त्याला बोलू दिलं. मग काय, रडारड झाली, सुतक धरलं, देव्हाऱ्यावर फडकं टाकलं. मी खरंच रडले. दोन दिवस साठवलेलं रडू होतं ते. हिरूला सासरी निरोप गेला. शनिवारी वाल्मिकला स्टेशनावर पोहोचवून ती तशीच आमच्याकडं आली. आम्ही पडवीत बसलो, मालक, मी आणि ती. शकू खांबाशी.

हिरू रडता रडता म्हणाली, "वहिनी, एक बोलू? सदू पोरीला सांगत होता तवा मी दाराआड होते. त्यानं काकाचं नाव घेतलं आणि मी कानांत बोटं घातली. पुढचं ऐकलं नाय मी. पण समजलं."

मी बघतच राहिले. "समजलं होतं? मग मांडवात पोरीला कशाला विचारलंस गं बाई?"

"काय सांगू? काकाला तसं टाकून बोहल्यावर चढवेना, आणि लगीन मोडू पण वाटेना. म्हटलं, ही खरं बोलली तर मांडवातनं उठेन, नाय बोलली तर बोहल्यावर उभी राहीन. माझ्यानं काय ठरवेना."

मालक म्हणाले, "मला पण सदू पुलावर दिसला होता. मी खाली नदीच्या वाटेनं वळलो. समोर आलो नाय त्याच्या." वर म्हणाले, "पण मी काय ऐकलं नाय."

"मी पण नाय ऐकलं," हिरू म्हणाली.

"मी तर त्याला बोलूच दिलं नाय," मी म्हटलं.

बोलले आणि मला कसंतरी झालं. आम्ही तिघंही एकमेकांकडं बघेनासे झालो. खांबाशी बसलेली शकू आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत होती. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करून ती म्हणाली, "म्हंजे खोटं मी एकटीच बोलले?"

मालक उठून गोठ्याकडं गेले. हिरूनं पदर तोंडात धरला.

शकू उठली, घरात गेली. मला कळलं कुठं गेली ते. क्षणात परत आली. "आई, देवावर फडकं हाय. जवळ जायचं नाय ना सुतकात?"

"नाय जायचं, बाळा."

"मग मी कान कुठं धरू?"

मी उत्तर देईपर्यंत ती पायऱ्या उतरली. अंगणात, सदू उभा होता त्याच जागी, उन्हात जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही कान धरले. मग माझ्याकडं बघत राहिली, कारण 'पुरे' मी म्हणायचं असतं. मी म्हणायला तोंड उघडलं, तर माझेच हात माझ्या कानांकडं गेले.