सुटे पास, एकत्र नापास

खोकं सकाळपासून दोनदा नापास झालं होतं. माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ तपासणी प्रयोगशाळेच्या कॉरिडॉरच्या दोन टोकांना तोंड फुगवून उभे होते आणि मधल्या खुर्चीवर मी होते. होते म्हणजे नावाला. मला बसवत नव्हतं. मी उठत होते, पाण्याच्या मशीनपर्यंत जात होते, तहान नसताना पाणी पीत होते, परत येऊन बसत होते, पाय हलवत होते. समोरच्या दारावर लाल दिवा जळत होता. तो जळतोय तोवर आत जायचं नाही, असं आल्या आल्या बजावलं होतं आम्हाला.

खोकं म्हणजे आमच्या कारखान्याचं पहिलं यंत्र. कारखाना कसला, भाड्याच्या तीन खोल्या. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर, मध्ये वायर न ओढता, इंटरनेट पोचवणारं हे खोकं. त्यातलं रेडिओचं कार्ड धाकट्याने बनवलेलं. वीज पुरवणारी पाटी आणि बाहेरचं धातूचं घर नवऱ्याने. अँटेना बाजारातला. असली बिनतारी वस्तू प्रमाणपत्राशिवाय विकता येत नाही, कारण हिने रेडिओलहरींच्या नेमून दिलेल्या पट्ट्यातच बोलायचं असतं. दुसऱ्याच्या पट्ट्यात बडबड केली की नापास.

आणि आमचं घोडं अडलं होतं ते इथेच. दोघांनी आपापले भाग मागे एकदा इथे आणून वरवर तपासून घेतले होते. तेव्हा दोन्ही अगदी शहाण्या बाळासारखे वागले. एकाच खोक्यात बसवले आणि बडबड सुरू. आता कार्डवाला म्हणत होता की पाटीचा दोष, पाटीवाला म्हणत होता की कार्डाचा. दोघांकडे पुरावे होते आणि दोघेही ते मलाच ऐकवत होते, कारण एकमेकांशी ते कामापुरतंही बोलत नव्हते. गेलं वर्षभर त्यांच्यात विस्तव जात नव्हता. कंपनी काढली तेव्हा मालक कोण यावरून जुंपली, म्हणून शेवटी मालक मला केलं. मला यातलं काही कळत नाही म्हणून नव्हे हं, कळतं थोडंफार. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला ‘साहेब’ म्हणायला तयार नव्हतं म्हणून.

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो खोक्यासाठी नव्हता. गेल्या आठवड्यात जेवताना धाकट्याने ताट पुढे सरकवलं आणि सांगितलं की या वेळी नापास झालं तर तो निघाला. दुसऱ्या शहरातले कुणीतरी त्याला बोलावत होते. असं तो आधीही म्हणायचा, पण या वेळी तारखेसकट म्हणाला. आई गेली तेव्हा हा शाळेत होता. त्याचे डबे मी भरले, पालकसभांना मी गेले, त्याने घरातला मिक्सर उघडून ठेवला तेव्हा धपाटाही मीच घातला. लग्न ठरलं तेव्हा तो माझ्यासोबत येणार हे मी आधी सांगितलं होतं आणि नवऱ्याने ते एका शब्दाने न कुरकुरता मान्य केलं होतं. मला तो जायला नको होता. बस्स, एवढंच. खोकं पास झालं तर तो राहील, म्हणून मला ते पास व्हायला हवं होतं.

लाल दिवा विझला आणि तपासणीबाई बाहेर आल्या. त्या मोठ्या इंजिनियर होत्या, पण मनातल्या मनात मी त्यांना हेच नाव दिलं होतं. आवाज कायम एका पट्टीत. तिसऱ्यांदाही नापास, असं त्यांनी बस उशिरा आहे हे सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या की झाकण काढून आणा, नेमकं कुठून येतंय ते बघू.

आम्ही तिघं आत गेलो. त्या खोलीत भिंतींवर, छतावर सगळीकडे फोमची टोकं बाहेर आलेली. आपलाच आवाज आपल्यापर्यंत परत येत नाही तिथे. माझ्या कानात दडे बसले. मधोमध फिरणाऱ्या टेबलावर आमचं उघडं खोकं. बाईंनी हातात एक दांडी घेतली, तिच्या टोकाला छोटंसं कडं होतं. त्या ते कडं भागांवरून हळूहळू फिरवायला लागल्या आणि बाजूच्या पडद्यावर रेघ हलायला लागली. कार्डावर नेलं, रेघ जागेवर. नवऱ्याने श्वास सोडला नाही. पाटीवर नेलं, तरी जागेवर. धाकट्याने मान वळवली. मग बाईंनी कडं कोपऱ्यात नेलं आणि रेघ ताडकन वर गेली.

कोपऱ्यात केबल होती. पाटीवरून कार्डाला वीज देणारी. गुंडाळून, टेप लावून कोंबलेली.

“ही कुणाची?” बाईंनी विचारलं.

 दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि संतापही आला. केबल मी आणली होती, खरं आहे. पण एवढी लांब का आणली? हे दोघं एका टेबलावर बसेनात म्हणून. एकाने पुढची खोली घेतली, एकाने मागची, आणि दोन भाग जोडून बघायचे तर मधल्या दाराच्या फटीतून जाईल एवढी केबल लागायची. मग भाग खोक्यात आले, केबलही तशीच आली. कार्डवाल्याने ती कापली नाही, कारण ती त्याची नव्हती. पाटीवाल्याने कापली नाही, कारण त्याचीही नव्हती. हे सगळं मी बाईंना सांगितलं. मूग गिळून बसणं मला जमत नाही.

बाई म्हणाल्या, एवढी लांब वायर म्हणजे तुम्ही आत दुसरा अँटेनाच बसवलाय. तोकडी करा, भाग शेजारी शेजारी आणा. वेळ संध्याकाळपर्यंत तुमचीच आहे.

बाहेरच्या खोलीत एकच टेबल होतं. नवऱ्याने पाटी सरकवायला घेतली तर धाकटा म्हणाला की ती तापते, कार्डाजवळ नको. नवरा म्हणाला की मग कार्डच सरकव. मी म्हटलं, सरकवा काय ते, नाहीतर मीच सरकवते, आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. तेवढी धमकी पुरली. दोघांची डोकी एका खोक्यावर आली. एकाने धरलं, एकाने सोल्डर केलं. “जरा वर धर” आणि “हं, बस” एवढंच बोलणं, पण थेट एकमेकांशी. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि माझे पाय काही केल्या थांबत नव्हते.

खोकं पास झालं.

पडद्यावरची रेघ लाल मर्यादेच्या खाली, एकदाही वर न जाता, शेवटपर्यंत गेली. नवऱ्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. कधी नव्हे ती. धाकटा हसला. मला वाटलं, सुटले बाई मी एकदाची.

मग तपासणीबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. प्रमाणपत्र सुट्या भागांना नसतं, या जोडणीला असतं. हे कार्ड, ही पाटी, हा अँटेना, हे घर, सगळं मिळून एक वस्तू. यातलं काहीही बदललं, उद्या दुसऱ्या कुणाचं कार्ड बसवलं, तर प्रमाणपत्र गेलं आणि सगळं पहिल्यापासून. आणि हे कार्ड दुसऱ्या कुठल्या खोक्यात घातलं तर त्याला या प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही.

“म्हणजे आता तू कुठे जातोस!” नवरा धाकट्याला म्हणाला. त्याच्या मनात वाकडं नव्हतं. तो आनंदाने म्हणाला.

  धाकटा आपल्या कार्डाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा असा पडला होता की मला आमची पालकसभा आठवली, ज्या दिवशी सगळ्यांच्या आया आल्या होत्या आणि याची मी. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. खोकं पास, भाऊ घरात. आणि मला तिथे एक मिनिट बसवेना.

मी बाईंना विचारलं की दुसरा काही मार्ग असतो का.  म्हणाल्या, असतो. रेडिओचं कार्ड एकटंच तपासायचं, खोक्याबाहेर, त्याच्या स्वतःच्या पायावर. त्यावर पत्र्याचं झाकण आहेच, विजेचा चढउतारही ते आपलं आपण सावरून घेतं, म्हणजे जमण्यासारखं आहे. मग त्याला वेगळं प्रमाणपत्र मिळतं आणि ते कुणाच्याही खोक्यात बसू शकतं.

“कुणाच्या नावावर?” मी विचारलं.

“ज्याच्या म्हणाल त्याच्या.”

नवरा मला बाजूला घेऊन गेला. पाण्याच्या मशीनजवळ दबक्या आवाजात त्याने मला चांगलं फैलावर घेतलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोक्यात जीव आहे तो कार्डाचा. ते धाकट्याच्या नावावर गेलं की आपण फक्त पत्र्याच्या डब्याचे मालक. तो उद्या हेच कार्ड त्या दुसऱ्या शहरातल्यांना देईल आणि आपण बसू हात चोळत. मी म्हटलं, कळतंय मला. मग का करतेस, असं त्याने विचारलं, आणि मला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, “मला तो हवाय. पण असा अडकवून नको.” नवरा बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. मग आत गेला आणि त्यानेच स्क्रू काढून कार्ड बाहेर काढलं.

मालक मी होते, सही माझी लागणार होती. नाव धाकट्याचं लिहा, असं मी बाईंना सांगितलं. धाकटा तिथेच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

लाल दिवा परत लागला. नवरा बाईंबरोबर पडद्यापाशी थांबला आणि कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी उठायला लागले तसा त्याने माझा हात धरून खाली बसवलं.

“ताई, मी जातो जातो म्हणायचो ना,” तो म्हणाला, “ते तू नको जाऊस म्हणावंस म्हणून.”

माझं डोकं सणकलं. मी त्याला विचारलं की हे सांगायला वर्ष लागलं का, आणि मी काय मनकवडी आहे का. खरं तर मी एकदाही ‘नको जाऊस’ म्हटलं नव्हतं. डबे भरले होते, धपाटे घातले होते, मधे पडले होते, पण हे एक वाक्य मी बोलले नव्हते. मोठ्या बहिणीने लहानाला बांधून ठेवू नये, असलं काहीतरी मोठं डोक्यात घेऊन बसले होते.

“नको जाऊस,” मी म्हटलं. “आत्ता म्हणते. राहा.”

त्याने मान खाली घातली. माझा हात सोडला नाही. दिवा विझला, दार उघडलं आणि नवरा बाहेर आला. कार्ड एकटंही पास झालं, असं त्याने सांगितलं. आमची तोंडं बघून तो घोटाळला आणि काय झालं म्हणून विचारलं.

“भाऊजी, मी जाणार आहे,” धाकटा म्हणाला. “पुढच्या महिन्यात. कार्ड तुम्हाला मीच देत जाईन.”

हे वाक्य मी वर्षभर ऐकत होते, ताट सरकवून, दार आपटून, आवाज चढवून. त्याला हवं होतं ते आता माझ्याकडून ऐकून झालं होतं, आणि या वेळी त्याने हे वाक्य इतक्या हळू म्हटलं की तो खरंच जाणार हे मला कळलं.